मोठी बंदूक आणि खोटं काडतूस

(एका संध्याकाळच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, 'मोठ्या शिकारी रायफलींचा जलद आणि अचूक मारा'. नाव मीच दिलं होतं. पण ते छापून घरी आलं तेव्हा बायको म्हणाली, "भाषण झाल्यावर घरी येणार ना, की परस्पर चौकीवर?" म्हणून आधी खुलासा करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. बंद झाली हे फार चांगलं झालं. मी जन्मात एकही जनावर मारलेलं नाही. घरातली झुरळंसुद्धा माझ्या खात्यात येत नाहीत.

मी साखरेतला माणूस. बॉयलर आणि पॅन यांच्यात आयुष्य गेलं, त्यातली अकरा वर्षं टांझानियात. जुन्नरकडच्या मंडळींना उसात बिबट्या निघाला याचं आता नवल वाटत नाही. आमच्याकडे उसातून रानम्हैस निघायची. आपली गोठ्यातली डोळ्यांसमोर आणू नका. नर सातआठशे किलोंचा, कपाळावर दोन्ही शिंगं एकत्र येऊन झालेली ढाल, आणि स्वभाव वसुलीला आलेल्या माणसासारखा. ऊसतोडीच्या माणसांना राखायला कारखान्याने बंदूकवाले रखवालदार ठेवले होते आणि त्यांना शिकवायला वनखात्यातून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ. स्वाहिलीत वडीलधाऱ्याला 'म्झे' म्हणतात, आम्हीही त्यांना तेवढंच म्हणायचो. रविवारी मला उद्योग नसे. मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. बाक नव्हता, पालथी घातलेली मळीची पिंपं होती.

आता 'किती वाघ मारले?' हा प्रश्न चहाच्या वेळी कुणी विचारू नये. आफ्रिकेत वाघ नसतात.

मुद्द्याकडे येतो. म्हणजे येणार आहे. त्याआधी या बंदुका एवढ्या मोठ्या का, हे सांगायला हवं, आणि ते आम्हा बॉयलरवाल्यांच्या जिव्हाळ्याचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीची जुनी काळी दारू मागे पडून कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू, आलं. कॉर्डाइटला उष्णता सोसत नाही. लंडनच्या थंडीत नीट चाललेलं काडतूस वैशाखात आपल्या चंद्रपुराकडे नेलं की आतला दाब वाढतो, काडतुसाचं पितळी टोपण, म्हणजे दारू भरलेलं नळकांडं, नळीत घट्ट बसतं आणि निघता निघत नाही. समोर जनावर आणि हातात अडकलेली बंदूक! यावर इंग्रज कारागिरांनी उपाय काढला तो असा की टोपणच मोठं करायचं, आत जागा ठेवायची, दाब मुळातच कमी ठेवायचा. बॉयलर मोठा घ्या, प्रेशर कमी ठेवा, रात्री झोप लागेल. माझ्या पहिल्या चीफ इंजिनिअरचं हेच म्हणणं होतं. म्हणून ती 'नायट्रो एक्सप्रेस' नावाची काडतुसं अशी लांबलचक, हातभर वाटावीत अशी. एक मी आणलंय. पुढच्या रांगेत देतो, फिरवा. घाबरू नका, आत काही नाही. ते रिकामं का आहे, याचीच पुढे गोष्ट आहे.

आणि नळीच्या रुंदीचे, इंचातले, हे .४७०, .४६५, .४७५ असे विचित्र आकडे का? त्याचं मूळही आपल्याकडे आहे. आधी सरळ .४५० होती. पण सरकारी फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफलसुद्धा .४५०च होती. शिकाऱ्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागल्या तर त्या मार्टिनीत चालतील, या भीतीने इंग्रज सरकारने १९०७च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बंद केली. कारागीर काय करणार? त्यांनी नळ्या केसभर इकडेतिकडे केल्या आणि नवीन आकडे बाजारात आणले. सरकारी नियम निघाला की त्याच्या शेजारून वाट काढायची, ही कला आपल्याकडचीच आहे असं मला वाटायचं. तर तसं नाही.

.४७०ची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे साडेबत्तीस ग्रॅम. वेग सेकंदाला २१५० फूट. बंदूक पाचएक किलोंची. आपल्यापैकी कुणी एनसीसीत थ्री-नॉट-थ्री चालवली असेल. तिचा धक्का आठवा आणि त्याला चारने गुणा, वर थोडं घाला. इथेच माझी जुनी तक्रार सुरू होते. सिनेमात नायक ही असली बंदूक एका हाताने, पळता पळता, मान वळवून झाडतो. त्याला म्हणावं, एकदा खांद्याला लावून झाड. मग पुढचं गाणं गळ्यात झोळी बांधून म्हणावं लागेल.

दुसरी तक्रार शहाण्या माणसांबद्दल. त्यांना वाटतं, गोळी एवढी मोठी आहे तर नेम थोडा इकडेतिकडे झाला म्हणून काय बिघडलं! हत्तीचा मेंदू पाचएक किलोंचा, पण तो त्या अवाढव्य डोक्यात, पोकळ्यापोकळ्यांच्या हाडामागे, दोन कानांच्या मध्ये कुठेतरी बसलेला. बेल नावाचा एक स्कॉटिश हस्तिदंतवाला होऊन गेला, 'करामोजो' बेल. त्याने हजाराहून जास्त हत्ती मारले. आज तो हिशोब वाचताना पोटात कालवतं. पण त्यातले बहुतेक त्याने .२७५च्या, म्हणजे सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने मारले, कारण कुठल्या कोनातून मेंदू कुठे येतो हे त्याला पाठ होतं. यावर लगेच दुसऱ्या टोकाला जाणारेही असतात, की मग मोठी बंदूक हवीच कशाला? अहो, बेलचे हत्ती बहुतेक वेळा स्वस्थ उभे असायचे. तासाला पन्नास किलोमीटरने अंगावर येणारी म्हैस तीस मीटरवर असेल, तर तुमच्या हातात दोन सेकंद आहेत. तिथे जड गोळी लागते, आणि ती जागेवरही लागावी लागते. जड गोळी नेमाच्या ऐवजी चालत नाही.

आता खोट्या काडतुसाची गोष्ट. संयोजक घड्याळाकडे बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

कारखान्याच्या पलीकडे सायसलचा, म्हणजे घायपाताचा मळा होता. मालक ग्रीक, तीन पिढ्या तिथेच. त्यांच्याकडे आजोबांची .४७० दुनळी होती. दुनळी रायफल म्हणजे दोन बंदुका एका दस्त्यावर. दोन नळ्या, दोन चाप, आतली यंत्रणाही दोन, एक रुसली तर दुसरी आहे. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर बार काढतो, कागद बघतो, डाख वितळवतो, नळ्यांमधली पाचर कणभर सरकवतो, पुन्हा डाख, पुन्हा बार. दिवसच्या दिवस. असं काम बघितलं की मला आमचे जुने फिटर आठवतात.

तर म्झेंनी मला ती बंदूक हातात दिली. चाळीस पावलांवर मातीचा बांध, त्यावर ताटाएवढा कागद. मागे आठदहा रखवालदार आणि खुद्द मालक. पहिला बार कागदाच्या कडेला लागला. खांद्याला बैलाने धडक दिल्यासारखं झालं, पण मी हसतमुख. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्झे काही बोलले नाहीत. बंदूक घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि परत दिली. मी खांद्याला लावली, नेम धरला, चाप ओढला.

टिक्.

बार नाही, धूर नाही. आणि बंदुकीचं तोंड? ते वीतभर खाली गेलं होतं. माझे डोळे मिटलेले, खांदा पुढे, मान आत. उसळत्या चेंडूला पाठ फिरवणारा अकरा नंबरचा फलंदाज असतो ना, तसा मी उभा. म्झेंनी खोटं काडतूस भरलं होतं! खरा धक्का असतो तेव्हा ही लबाडी त्या दणक्यात लपून जाते, कुणाला दिसत नाही, स्वतःलाही नाही. आवाज झालाच नाही की सगळी उघडी पडते. मागे जे हसणं सुरू झालं ते थांबेना. मालकांनी तर टोपी काढून तोंडावर धरली.

आपण म्हणतो ना, अमका कामात अंग चोरतो. मोठ्या बंदुकीपुढे शरीर अंग चोरतं, आणि चोरलेल्या अंगाचा नेम खाली जातो. पुढचे चार महिने मी .४७०ला हात लावला नाही. पॉइंट टू-टूची हलकी बंदूक आणि खोटी काडतुसं, एवढंच. रोज संध्याकाळी व्हरांड्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या तारखेवर टिक्. बायकोने विचारलं, "आज किती तारखा मारल्या?"

म्झे एक म्हण सारखी म्हणायचे, 'हराका हराका हैना बराका'. घाईघाईला बरकत नाही. मूळ शब्द दोन्ही अरबी. 'बराका' म्हणजे आपली बरकत, आणि 'हराका' म्हणजे हालचाल, तीच आपली हरकत. गवयी घेतात तीही तीच. म्हणजे हरकतीला बरकत नाही! गाणाऱ्यांनी रागावू नये. पण माझ्या आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. जलद म्हणजे हात भराभरा हलवणं नव्हे. नको असलेल्या हालचाली काढून टाकायच्या, उरतं तेवढं जलदच असतं.

निरोप घेताना म्झेंनी मला दोन खोटी काडतुसं भेट दिली. दुनळीला दोन लागतात ना. आणि मी ती बॅगेत घालून मायदेशी आणली. कुठल्या विमानतळावर ते सांगत नाही. यंत्रात दोन काडतुसं दिसली आणि मला बाजूला घेतलं.

"यात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही, तर आणलं कशाला?"

"काही नाही म्हणूनच आणलं."

यानंतर साडेतीन तास. तीन अधिकारी, एक वजनकाटा. प्रत्येकाला मी अंग चोरण्याचा सिद्धांत समजावला, उभं राहून प्रात्यक्षिकासह. शेवटी तडजोड निघाली ती अशी की एक काडतूस नमुना म्हणून जमा आणि एक परत. दोन्ही एकसारखी असताना एक धोकादायक आणि एक निरुपद्रवी कसं, हे मी विचारलं नाही. मला घरी जायचं होतं. पावती अजून आहे, 'काडतूस, नग एक, रिकामे'.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता सुरू होतोय.

भराभर सांगतो. पहिलं, बंदूक अंगाला बसली पाहिजे, सदऱ्यासारखी. डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. नळीवरची नेमाची मागची खाच आणि पुढची माशी आपोआप एका रेषेत दिसली पाहिजेत. मान शोधाशोध करत असेल तर दस्ता लांबीला चुकलाय, शिंप्याकडे, म्हणजे कारागिराकडे न्या. या बंदुकांची खाच मुद्दाम पसरट आणि माशी ठळक, बहुधा पांढरी असते, कारण ती बारीक नेमासाठी नाहीच, झटकन दिसण्यासाठी आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि जनावर बघू नका, जनावरावरची जागा बघा. अख्खी म्हैस बघितली की गोळी अख्ख्या म्हशीत कुठेही जाते.

गाल दस्त्यावर घट्ट, वजन पुढच्या पायावर, पुढच्या हाताने बंदूक खांद्याकडे ओढून धरायची. सैल धरली तर ती धाव घेऊन मारते. उभ्याने झाडायला शिका. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकून झाडाल तर शरीराला मागे झुलायला जागा उरत नाही आणि सगळा दणका हाडाला बसतो. सेफ्टी कॅच बंदूक खांद्याकडे येतानाच पुढे सरकला पाहिजे, ते वेगळं काम नव्हे. दुनळीत आधी पुढचा चाप, सहसा उजवी नळी, मग बोट मागच्या चापावर. बोट आधीच दोन्हींवर ठेवणाऱ्याच्या दोन्ही नळ्या एकदम उडतात, आणि मग तो मनुष्य शोधावा लागतो.

बोल्टवाली, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस बदलायची, असेल, .४१६ रिग्बी किंवा .३७५, तर बार झाल्यावर बंदूक खांद्यावरून उतरवायची नाही. बोल्ट खांद्यावरच, पूर्ण मागे, पूर्ण पुढे. ही काडतुसं लांब. हात अर्ध्यात परतला तर रिकामं टोपण निघत नाही, किंवा नवीन भरलं जात नाही. लोक इथेच मरतात. दुनळीवाल्याने पुढची दोन काडतुसं डाव्या हाताच्या बोटांत आधीच धरून ठेवायची. बंदूक बिजागरीवर उघडली, रिकामी उडाली, दोन आत, बंद. हेसुद्धा खोट्या काडतुसांनी, रोज, व्हरांड्यात. आणि खरी मोठी काडतुसं एका दिवशी सहाआठच्या वर नाही. त्यापुढे शरीर अंग चोरायला शिकतं आणि तेवढंच शिकतं.

गोळ्यांच्या जातींबद्दल, टोक पसरणारी कुठे आणि सबंध घट्ट कुठे, बोलायचं राहिलं. घंटा झाली, थांबतो.

एक मिनिट. ते काडतूस शेवटी कोणत्या रांगेत आहे? कृपा करून पुढे पाठवा. एकच उरलंय, आणि पावती दुसऱ्याची आहे.