चेतातंतूचा निरोप आणि फवारणीचे विष

मंडळी, 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले, आणि चूक कोणाची यावर पुढे पुष्कळ बोलले गेले. ते बोलणे आवश्यकच होते. मला मात्र आज एका वेगळ्या प्रश्नाकडे वळायचे आहे. पाठीवरचा पंप गळून शर्ट भिजतो, पऱ्हाटी खांद्याला लागलेली असली की फवारा तोंडावर येतो, आणि औषध कातडीतून, श्वासातून आत जाते. आत गेल्यावर ते नेमके काय करते? त्या वर्षी वापरलेली सगळीच औषधे एका गटातली नव्हती. मी बोलणार आहे ते मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ज्या गटात मोडतात त्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांबद्दल, आणि त्यासाठी आधी ॲसिटिलकोलीन या रसायनाची ओळख करून घ्यावी लागेल.

चेतातंतूवरून संदेश विजेच्या रूपाने धावतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण तो तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोघांच्या मध्ये एक फट असते, आणि या संपर्कस्थानाला सिनॅप्स म्हणतात. स्नायूपाशी ही फट सुमारे 50 नॅनोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरचे 20,000 भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी असते. तरीही विजेचा आवेग ती ओलांडू शकत नाही. तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पुटिका असतात आणि प्रत्येक पुटिकेत ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू भरलेले असतात. आवेग टोकापर्यंत पोचला की तिथली कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि पुटिका आपला साठा फटीत रिकामा करतात. पलीकडच्या स्नायूपेशीवर ग्राही प्रथिने असतात. त्यांतल्या एकेका ग्राहीवर दोन रेणू बसले की त्याचे दार जेमतेम एखादा मिलिसेकंद उघडते, सोडियम आत घुसते, स्नायूपेशीत नवा आवेग उठतो आणि स्नायू आकुंचन पावतो.

गंमत अशी की हातापायाच्या स्नायूला आखडायला लावणारे हेच रसायन हृदयाचे ठोके मात्र मंद करते, कारण हृदयावरचे ग्राही निराळ्या जातीचे आहेत. निरोपाचा अर्थ ठरतो तो ऐकणाऱ्या पेशीवर. हृदयाच्या याच गुणामुळे ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे ओट्टो लोवी यांना 1921 साली मोठा शोध लागला. चेतापेशीचा संदेश फट ओलांडतो तो विजेने की रसायनाने, हा वाद तेव्हा चालू होता. लोवींनी बेडकांची दोन जिवंत हृदये द्रवात ठेवली. पहिल्याच्या व्हेगस चेतेला, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या चेतेला, विजेचा सौम्य धक्का दिला, ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला आणि तेही मंदावले, जणू त्याच्याच चेतेला धक्का बसला होता. द्रवातून काहीतरी आले होते, हे उघड होते. ते काहीतरी म्हणजे ॲसिटिलकोलीन, हे पुढे निश्चित झाले आणि 1936 चे नोबेल पारितोषिक लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना मिळाले. प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली असे लोवी सांगत. ते बाजूला ठेवले तरी इतक्या थोड्या साधनांत इतका मोठा वाद मिटवणारे प्रयोग विज्ञानात फार नाहीत.

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. निरोप पोचणे हे अर्धे काम झाले. तो पुसलाही गेला पाहिजे. ओलित करताना एका सरीचे पाणी वेळेवर तोडून दुसरीकडे वळवले नाही तर जे होते, तेच इथेही होईल. म्हणून त्या फटीतच ॲसिटिलकोलीनएस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेले असते. त्याचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. त्यातून सुटे झालेले कोलीन तंतू परत आत ओढून घेतो आणि त्यापासून नवा साठा तयार करतो. आपण बोटे भराभर हलवू शकतो ती या तोडणीच्या वेगामुळे.

ऑर्गॅनोफॉस्फेटचे विष जाऊन चिकटते ते या विकराच्या नेमक्या कामाच्या जागी. अळीच्या मज्जासंस्थेतही हेच रसायन आणि याच जातीचे विकर असते, त्यामुळे अळी आणि माणूस हा भेद विषाला करता येत नाही. विकर बंद पडले की ॲसिटिलकोलीन साचत जाते आणि थांबायला हवे ते काहीच थांबत नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, ओकारी, जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक. छातीत कफ दाटतो. स्नायू आधी जागोजागी फडफडतात आणि मग सततच्या माऱ्याने ढिले पडतात. श्वासाचे स्नायू त्यात सापडले की जीव धोक्यात येतो.

दवाखान्यात यावर ॲट्रोपिन देतात. ते ग्राहींवर बसून ॲसिटिलकोलीनची वाट अडवते. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर दर काही मिनिटांनी स्टेथोस्कोपने ऐकत मात्रा वाढवत नेतात. मात्रा जास्त झाली तर रुग्ण बरळू लागतो आणि नातेवाइकांना वाटते की औषध चुकले. धोतऱ्याच्या विषातही माणूस असाच बरळतो, कारण धोतऱ्यात याच जातीचे द्रव्य असते. मात्र ॲट्रोपिन अडवते ते ग्रंथी आणि हृदय यांवरच्या ग्राहींना. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरच्या ग्राहींवर त्याचा उपाय चालत नाही. घाम थांबला, लाळ थांबली, याचा अर्थ स्नायू सावरले असा होत नाही.

हीच गोष्ट घरच्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसतो, चहा मागतो, आणि वावरात कामे पडली आहेत म्हणून सुट्टीचा आग्रह सुरू होतो. पण या विषबाधेत साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही रुग्णांची मान आणि श्वासाचे स्नायू नव्याने ढिले पडतात. म्हणून डॉक्टर त्याला उताणे झोपवून, हाताचा आधार न घेता उशीवरून डोके उचलायला सांगतात. डोके उचलता येत नसेल तर श्वासही कमी पडू लागेल असे धरून व्हेंटिलेटरची तयारी करावी लागते, आणि कधी आठवडा, कधी त्याहून अधिक दिवस, स्नायू पुन्हा निरोप ऐकू लागेपर्यंत रुग्णाला त्यावरच ठेवावे लागते.