गुग्गुळाच्या बिया आणि एकच आई

चंबळच्या बीहडातील, म्हणजे नदीकाठच्या खोल घळींच्या प्रदेशातील, हे काटेरी झुडूप वाळलेले दिसत असले तरी सालीचा कागदासारखा पापुद्रा सोलताच खाली हिरवे खोड दिसते. पाने त्याला पावसाळ्यापुरतीच फुटतात. हा गुग्गुळ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत गुरुवारी दत्तापुढच्या धुपाटण्यात पडणारा आणि वैद्यांच्या योगराज गुग्गुळात मिसळणारा डिंक याच्याच खोडावर चिरा देऊन मिळवतात. चिरा खोल गेल्या, की डिंक भरपूर येतो आणि झाड मरते. आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत गुग्गुळ अतिसंकटग्रस्त आहे.

आता हे फूल पाहा. तांबूस, चार पाकळ्यांचे, तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसलेले हे फूल मादी आहे, शेजारच्या झुडपावरचेही मादीच आहे, कारण नर झाडे फारच विरळा आढळतात. तरीही फळे धरतात. दिल्ली विद्यापीठातील एच. वाय. मोहन राम, के. आर. शिवण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवून दिले, की गुग्गुळाचे बी परागीभवनाशिवायही तयार होते आणि त्यातील गर्भ मातृवृक्षाच्याच पेशींपासून वाढतो. म्हणजे बियांपासून आलेले रोपही बहुधा आईची हुबेहूब प्रत असते. पिकलेले लाल फळ दाबले, की आत काळे किंवा फिकट बी सापडते. रुजते ते प्रामुख्याने काळे.

रोपवाटिकेत मात्र बियांची वाट कोणी फारशी पाहत नाही. बोटाएवढ्या जाडीची फांदी तिरकी कापायची, तिचे बूड मुळे फुटायला मदत करणाऱ्या संजीवकात बुडवायचे, वाळूमिश्रित मातीच्या पिशवीत खोचायचे आणि पाणी बेताने द्यायचे, कारण ओल साचली की छाट कुजते. काम सोपे आहे, म्हणूनच ते आम्हाला अपुरे वाटते: एकाच झुडपाच्या शेकडो फांद्या लावल्या तर हिरवळ वाढते, जनुकीय विविधता वाढत नाही, आणि एखाद्या रोगाला ते झुडूप बळी पडले तर त्याच्या सगळ्या प्रतीही बळी पडू शकतात. म्हणून छाट वेगवेगळ्या नाळ्यांतून घ्यायला हवेत, प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाची खूण हवी आणि नर झाड सापडले तर त्याचे छाट आधी लावायला हवेत.

इकडे शेतीसाठी बीहड सपाट केले जात आहेत, उरलेल्या उतारांवर विलायती बाभूळ पसरली आहे, आणि ज्या नाळ्यातील झुडपे तोडली गेली तिथली वाणे छाट घेण्याआधीच संपतात.