जागरणाचा खाडा

(ठाण्यात विशेष मुलांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

काल रात्री दोन वाजता तुमच्यातले निम्मे जण तरी जागे होते, हे चेहऱ्यांवरूनच कळतंय. बोलता बोलता कुणाला डुलकी लागली तर खुशाल लागू दे.

ऑटिझम असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक, काही पाहण्यांत तर ८० टक्क्यांपर्यंत मुलांना झोपेचा त्रास असतो. त्यामुळे ‘आमचंच काहीतरी चुकतंय’ हे आधी डोक्यातून काढा. चुकलो होतो मी.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला कळव्याची एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मी पुस्तकातलं सांगितलं: साडेआठला दिवे बंद, मूल अंथरुणात. पंधरा दिवसांनी ती आली ती आणखीच थकून. मुलगा साडेअकरापर्यंत गादीवर उड्या मारायचा, आजी ओरडायच्या, मग रडारड. त्यात बाबा स्लो लोकलने पावणेदहाला घरी. वन रूम किचन. कडी वाजली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. “डॉक्टर, तुमच्या पुस्तकातल्या मुलाला वेगळी खोली असेल,” ती म्हणाली.

त्या तीन तासांत मुलगा एकच गोष्ट शिकत होता: अंथरूण म्हणजे धिंगाणा. मग आम्ही उलटं केलं. तो खरोखर झोपतो साडेअकराला ना? मग अंथरूणही तेव्हाच घालायचं. तोवर बाबा आलेले, जेवणं उरकलेली, टीव्ही-मोबाइल बंद, दिवा मंद. पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागायला लागली, की दर दोन-तीन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. आजींना हे मुळीच पटलं नाही. “लेकराला मुद्दाम जागवायचं?” पण सकाळी सवलत नाही. सात म्हणजे सात, आणि उठल्याबरोबर गॅलरीत, उजेडात. झोपेचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. रात्री डोळ्यांत उजेड गेला, तर मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, सोडायचं लांबवते. घोडबंदर रोडला ज्यांच्या खिडकीसमोर टॉवरचं काम चालू आहे, त्यांनी जाड पडद्याला पैसे घालावेत.

हे सगळं करण्याआधी मात्र मूल का झोपत नाही ते शोधा. बद्धकोष्ठता, दातदुखी, छातीतली जळजळ. ज्याला बोलता येत नाही ते मूल हे सांगणार कसं? रात्रभर पाय हलवत असेल, तर रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. ‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ असं आपल्याकडे कौतुकाने सांगतात. ते कौतुक थांबवा. डाऊन सिंड्रोममध्ये झोपेत श्वास अडकणं इतकं आढळतं, की अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षांच्या आत प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी सुचवते, घोरत नसलं तरी. एडीएचडीसाठी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणं यासाठी, मिथाइलफेनिडेट हे औषध चालू असेल तर शेवटचा डोस किती वाजता जातो ते पाहा; उशिरा गेला तर झोप लांबू शकते. आणि झोपेत एकाच तऱ्हेचे हिसके येत असतील तर ती फिट असू शकते, डॉक्टरांना दाखवायला व्हिडिओ काढून ठेवा. रात्री मोबाइल हातात घ्यायला माझी तेवढीच परवानगी आहे.

आता तुम्ही सगळे ज्याची वाट बघताय ते: मेलाटोनिन. होय, उपयोग होतो, विशेषतः झोप लवकर लागायला. मात्र आधी कारणं आणि सवयी, मग औषध, हा क्रम अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ठेवलाय. शेजारणीने दिलेल्या मेलाटोनिनच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, देऊ नका. कॅनडात २०१७ साली ३१ मेलाटोनिन उत्पादनं तपासली, तेव्हा प्रत्यक्ष मात्रा लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघाली. मात्रा आणि वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

झोपेची नोंद ठेवा म्हटलं की सगळे माना डोलावतात, आणि चौथ्या दिवशी वही हरवते. कळव्याच्या त्या बाईंनी वही केलीच नाही. स्वयंपाकघरात दारामागे कालनिर्णय होतं, त्यावर त्या दुधाचा हिशेब लिहायच्या. त्याच चौकोनात बारीक अक्षरात मुलगा किती वाजता झोपला, किती वेळा उठला, तेही लिहू लागल्या. महिना संपल्यावर पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. बघतो तर प्रत्येक सोमवार-मंगळवारच्या चौकोनात शाईची गर्दी. रविवारी बाबा घरी, म्हणून सगळे दहापर्यंत लोळायचे. तिथे घड्याळ सरकत होतं. तेव्हापासून रविवारीसुद्धा सात.

तीन महिन्यांनी त्यांनी पुढचं पान आणलं. पाच-सहा चौकोनांत ‘खाडा’ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी विचारलं, “दूधवाला येत नाही का हल्ली?”

“येतो हो. हा जागरणाचा खाडा.”