पोकळीतून धावणारे आयन

श्रोतेहो, नमस्कार. मोबाइलची बॅटरी पेट घेते तेव्हा त्या आगीला खाद्य पुरवतो तो तिच्या पोटातला द्रव. लिथियम-आयन बॅटरीच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये सेंद्रिय द्रावक असतो आणि त्यात लिथियमचा क्षार विरघळलेला असतो. आयन, म्हणजे विद्युतभारित कण, त्यातून झपाट्याने ये-जा करतात, पण द्रावक पडला ज्वालाग्राही. मग त्याजागी घन पदार्थच का बसवू नये? बसवता येतो, पण बहुतेक घन पदार्थांत आयनांना हलायलाच जागा नसते.

जागेचीच अडचण असेल, तर मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क म्हणजे ‘मॉफ’ आठवतात. धातूच्या अणूंचे सांधे, त्यांना जोडणारे कार्बनी रेणूंचे दांडे. बांधकामाच्या परांचीसारखी रचना, आत सगळी पोकळी. ग्रॅमभर भुकटीचं आतलं पृष्ठफळ हजारो चौरस मीटर भरू शकतं. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना याच पदार्थांसाठी मिळालं.

पण नुसत्या पोकळीचं मला तेवढं अप्रूप नाही. द्रवात लिथियमचे धन आयन एका दिशेने निघाले की त्यांचे जोडीदार ऋण आयन उलट दिशेने धावतात. एकूण प्रवाहात लिथियमचा वाटा निम्म्याहूनही कमी! ऋण आयन एका बाजूला साचतात, आणि जोरात चार्जिंग करताना लिथियमच्या सुया वाढायला तेही एक निमित्त होतं. काही मॉफमध्ये मात्र धातूच्या सांध्यावर एक जागा रिकामी ठेवता येते. ऋण आयन तिथे चिकटून बसतो, लिथियम मोकळा फिरतो. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅग्नेशियमच्या मॉफमध्ये लिथियम आयसोप्रोपॉक्साइड हे लिथियमचं संयुग घालून हेच केलं. खोलीच्या तापमानाला वाहकता, म्हणजे आयन वाहून नेण्याची क्षमता, मिळाली सेंटिमीटरला सुमारे 0.0003 सीमेन्स (हे वाहकता मोजायचं एकक). चांगल्या द्रवाची असते 0.01 च्या आसपास.

आता यातली मेख. त्या पोकळ्या कोरड्या नव्हत्या, त्यांत द्रावक मुरलेला होता. अशा पदार्थाला सरसकट ‘घन’ म्हणणं मला पटत नाही, ‘अर्धघन’ म्हणावं. द्रावक पूर्ण काढला की वाहकता सहसा घसरते.

शिवाय मॉफ हाती येतो तो भुकटीच्या रूपात. ती दाबून वडी केली, तरी एका कणातून दुसऱ्या कणात जाताना आयन अडखळतात, आणि वडी ठिसूळ ती ठिसूळच. म्हणून हल्ली भुकटी लवचिक पॉलिमरमध्ये मिसळून पातळ पापुद्रे काढतात. पापुद्रा वाकतो, तुटत नाही. पण पॉलिमर जास्त झाला की आयन पोकळ्या सोडून त्यातूनच वाट काढतात.