खडखडाट नोंदवा

नवी कोरी एसयूव्ही. खडबडीत रस्ता लागला की मागच्या दाराजवळून कट्कट् आवाज येतो. मालक सर्व्हिस सेंटरला जातात. तिथे उत्तर ठरलेलं असतं: "या मॉडेलला येतोच असा आवाज." जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, शेरा पडतो, 'दोष आढळला नाही', आणि तक्रार तिथेच बंद होते.

आता गाडीच्या आत पाहू. आजच्या बऱ्याच एसयूव्हींना खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी चौकट, नसते. फरशी, पिलर (छप्पर पेलणारे खांब) आणि छप्पर मिळून एकच सांगाडा बनतो आणि हजारो स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्र्यांना जोडणारे ठिपक्याएवढे जोड, त्याला धरून ठेवतात. एक चाक खड्ड्यात गेलं की हा अख्खा सांगाडा किंचित पिळला जातो. वेल्ड कच्चा राहिला असेल तर पत्र्यावर पत्रा घासतो. तिथलं सीलंट फाटलं की पाणी शिरतं आणि मागोमाग गंज येतो. आवाज, ओलं कार्पेट, जोरात आपटावं लागणारं दार या मालकाच्या लेखी तीन तक्रारी असतात. मूळ मात्र एकच असू शकतं.

प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो. पुष्कळदा एखादी प्लास्टिकची क्लिपच सैल असते. पण ट्रिम, म्हणजे आतलं आच्छादन, न उघडता ते कसं ठरवणार? आणि सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ पत्र्याला तडा दिसला, सीटबेल्टची पकड हलू लागली किंवा एअरबॅगचा दिवा विझेनासा झाला, तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नये. तो दिवा लागलेला असताना धडक झाली, तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नसतो.

मग क्रॅश टेस्टचे तारे? ताशी ६४ किलोमीटर वेगाची समोरची धडक नव्या गाडीवर घेतात. तीतून डिझाइन कळतं. तुमच्या गाडीचा वेल्ड त्या दिवशी नीट बसला होता का, हे तीतून कळत नाही. ते आधी कळतं रोज गाडी चालवणाऱ्याला.

पण सुट्या तक्रारी एकत्र आल्या तरच दोष उघड होतो. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीच्या बाबतीत हेच घडलं. धावत्या गाडीच्या फायरस्टोन टायरची वरची पट्टी सुटायची आणि गाडी उलटायची. एकेक अपघात सुटा पाहिला तर दोष चालकाचा वाटे. २००० साली ह्यूस्टनच्या एका टीव्ही वाहिनीने ही प्रकरणं एकत्र मांडली, तशा सरकारकडे तक्रारींच्या रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. तोवर अनेक माणसं गेली होती. सरकारी नोंदीतला मृत्यूंचा आकडा पुढे २७० च्या वर गेला. २००० सालीच वाहनांतले दोष सरकारला कळवण्याबाबतचा 'ट्रेड' (TREAD) कायदा झाला. त्याच्या नियमांमुळे तिथल्या मोठ्या कंपन्यांना ग्राहकांच्या तक्रारींचे आकडे दर तिमाहीला सरकारकडे द्यावे लागतात.

म्हणून जॉब कार्ड महत्त्वाचं. तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्या: तारीख, किलोमीटर, वेग, रस्ता कसा होता. व्हिडिओ जपून ठेवा. 'दोष आढळला नाही' असं लिहिलं, तर काय काय उघडून तपासलं तेही त्याच कार्डावर लिहून मागा.