मुलांचा लेखक आणि त्याचं दुसरं नाव

मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकाला मोठ्यांसाठी ऐतिहासिक साहसकथा लिहावीशी वाटली, तर त्यानं टोपणनाव का घ्यावं? लपायला, असं सर्रास सांगतात. मला ते अर्धंच पटतं. मुलांच्या लेखकाचं नाव म्हणजे पालकांना दिलेला शब्द असतो. मुखपृष्ठावर ते नाव दिसलं की आई-बाबा आतलं पानही न उलटता पुस्तक मुलाच्या हाती देतात. त्याच नावाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात कुणाचा गळा चिरला गेला, तर पालकांनी तक्रार का करू नये? आपल्या गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. नाव पाहूनच वाचकाला कळावं, आज काय वाढून ठेवलंय ते.

पण खरा उपयोग लिहिताना होतो. एक प्रसंग घ्या. रात्रीची वेळ, दोघं किल्ल्यातून निसटताहेत आणि दिंडीपाशी पहारेकरी उभा आहे. मुलांच्या पुस्तकात तो पेंगतो, नाहीतर त्याच्या तोंडात बोळा कोंबून त्याला बांधून ठेवतात; सकाळी तो सुखरूप सापडतो. मोठ्यांच्या कादंबरीत बहुधा त्याला मारावं लागतं, आणि मग खरी पंचाईत सुरू होते. प्रेत टाकायचं कुठे? अंगरख्यावर रक्त घेऊन पुढची चौकी ओलांडायची कशी? ज्यानं मारलं, त्याला पुढे घास गिळवतो का? बालसाहित्यात मुरलेला हात इथे सवयीनं पहारेकऱ्याला वाचवायला धावतो. नवं नाव घेतलं की त्या हाताला आवरणं जरा सोपं जातं.

जुन्या नावाची एक सवय मात्र सोडू नये. मुलं भीडभाड ठेवत नाहीत. कंटाळली की पुस्तक मिटून खेळायला पळतात. त्यामुळे हा लेखक पाल्हाळ लावत नाही. ऐतिहासिक कादंबरीत जमवलेली टिपणं ओतायचा मोह भारी! पानंच्या पानं वंशावळ चालते, आणि घोडा बिचारा खोगीर चढवून दारात ताटकळतो.

गुपित टिकतं का, म्हणाल तर भरवसा नाही. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांची ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावानं पहिली रहस्यकादंबरी एप्रिल २०१३ मध्ये आली आणि जुलैत बिंग फुटलं. वकिलाच्या तोंडून निघालेली गोष्ट वृत्तपत्रापर्यंत पोचली. याउलट अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉट. मुलींसाठी लिहिलेलं त्यांचं गाजलेलं ‘लिटल विमेन’ १८६८ मध्ये आलं, पण त्याआधी त्यांनी ‘ए. एम. बर्नार्ड’ नावानं कट-कारस्थानांच्या सनसनाटी कथा लिहिल्या होत्या. अल्कॉट १८८८ मध्ये गेल्या. गुपित त्यानंतरही पन्नासहून अधिक वर्षं टिकलं. संशोधक लिओना रोस्टेनबर्ग यांनी ते १९४३ मध्ये जाहीर केलं, तेही प्रकाशकाच्या जुन्या पत्रांवरून. तेव्हा टोपणनाव घेणाऱ्यानं अशी पत्रं जपावीत की जाळावीत, हे ज्याचं त्यानं बघावं.