‘आंबे संपले की दाखवतो’

पत्रिकेत विषय फार भारदस्त छापलाय: ‘दीर्घ आजार आणि टाळाटाळीचं मानसशास्त्र’. मी त्यातला एकच आजार घेणार आहे, मधुमेह. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. इथलाही अंदाज येतोच. मघाशी बिनसाखरेच्या चहाची किटली आधी संपली. (हशा)

माझं म्हणणं असं, की तपासणी टाळणाऱ्याला आपण आळशी म्हणतो, अडाणी म्हणतो, ते साफ चूक आहे. तो उपचार घेतच असतो. साखरेवर नव्हे, भीतीवर.

आमचे एक मामा. मधुमेहातलं त्यांना सगळं ठाऊक. चाळीतल्या प्रत्येक मधुमेह्याला ‘अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघा’ हे सांगणार तेच. स्वतःच्या तपासणीच्या आधी दोन दिवस मात्र ज्वारीची भाकरी, मेथी, पहाटे फिरणं. उपाशीपोटीची साखर छान यायची. मग रिपोर्ट खिशात घालून थेट जिलबीच्या दुकानात! पुढे डॉक्टरांनी ‘तीन महिन्यांची’, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी सुरू केली आणि मामांची पंचाईत झाली. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, साखर त्यांना चिकटून बसते. दोन दिवसांच्या भाकरीला ती दाद देत नाही. मामा म्हणायचे, “हा चहाडखोर रिपोर्ट आहे.” (हशा) हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलेलं आहे.

त्यानंतर मामांची कारणं सुरू झाली. पितृपक्षात नको. दिवाळीत कोण जातं? नातीचं बारसं होऊ दे. आणि कायमचं ठरलेलं, “आंबे संपले की दाखवतो.” कोकणातल्या माणसाचे आंबे कधी संपतात? हापूस झाला की पायरी, पायरी झाली की रायवळ, ते झालं की बरणीतला मुरांबा. एकदा मामींनी बळेच रक्त द्यायला नेलं, तर रिपोर्टचं पाकीट न फोडता देव्हाऱ्यामागे. देवाच्या हवाली!

आता माझा खरा राग सांगतो. एकदा ते गेले होते. त्या दवाखान्यात तपासणीची खोली आणि बाहेरची बाकं यांच्यामध्ये नुसता पडदा. डॉक्टर मोठ्यांदा म्हणाले, “काका, परत गोड? असंच चाललं तर पाय कापावा लागेल.” बाहेर पंधरा-वीस माणसं, त्यांत मामांचे व्याही! तळमळीनं बोलले असतील, मी नाही म्हणत नाही. पण सत्तरीच्या माणसाला व्याह्यांदेखत बोलणी खावी लागली. मामा पुढे वर्षभर तिकडे फिरकले नाहीत. चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोळ्याच्या पडद्याला आतून रक्तस्राव झालेला. लेसर करावं लागलं. मी विचारलं, दरवर्षी डोळे तपासायचे हे तुम्हीच लोकांना सांगत होतात ना? तर म्हणाले, “अरे, म्हणूनच गेलो नाही. दाखवले की काहीतरी निघणार.”

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

पहिलं, लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडणी केली, की संकटाला तोंड देताना माणूस एकतर संकटावर काम करतो, नाहीतर मनातल्या कालवाकालवीवर. टाळणं दुसऱ्या प्रकारातलं. ते दरवेळी वाईट नसतं. बायोप्सीचा रिपोर्ट चार दिवसांनी येणार असेल तर तोवर क्रिकेट बघावं, खुशाल. आपल्या हातात काही नाही. मधुमेहात बरंच काही हातात असतं, आणि अडचण नेमकी अशी की हा आजार टाळणाऱ्याला शिक्षा करत नाही. दाढ दुखली की माणूस झक मारत जातो. डोळ्याचा पडदा सुरुवातीला खराब होतो तेव्हा नजर स्वच्छ असते. पायाच्या नसा गेल्या की जखम दुखतच नाही. नाही गेलो, काही झालं नाही, म्हणून पुढच्या वेळीही जात नाही.

दुसरं, घरच्यांसाठी. सकाळी गोळी घेऊन दिवसभर आजाराचं नाव न काढणारा माणूस टाळाटाळ करत नसतो. त्याला सुखानं राहू द्या. ताटावर पहारा नको. लग्नात चारचौघांत ‘तुम्हाला चालतं का?’ विचारलंत, तर पुढच्या वेळी तो लपून खाईल.

तिसरं, डॉक्टरांसाठी. रिपोर्ट बघण्याआधी विचारा, यातलं सगळ्यांत नकोसं काय वाटतं? कुणाला सुई नको असते, कुणाला खर्च, कुणाला तो आकडा. मामांनी सांगितलं असतं, “तो दवाखान्यातला पडदा.” मग तिथे दार बसवता आलं असतं.

इन्सुलिनच्या भीतीबद्दल बोलायचं राहिलंच. ते प्रश्नोत्तरांत घेऊ, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत.